डोलकाठीपासून हौद्यापर्यंत

झुबिर बिन लाझिम बोटीवर चढला की आधी कुणाशी बोलत नाही. डोलकाठीजवळ जातो, एकेक दोर दोन बोटांत धरून छेडतो आणि ऐकतो. कुठला दोर उगाच ताणलाय, कुठली कप्पी मिठानं धरलीय, हे त्याला त्यातून कळतं. मलेशियातल्या लंकावी बेटाच्या यार्डात अठ्ठावीस वर्षं तो हेच काम करतो आहे: शिडाच्या बोटींच्या काठ्या, तारा, दोर आणि दोर ओढायच्या फिरक्या, म्हणजे विंच. वय एकसष्ट. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून वर चढायचं सोडलं आहे, पण खाली उभा राहून वर चढलेल्याला इतक्या सूचना देतो की त्यापेक्षा स्वतःच चढला असता तर बरं, असं चढणाऱ्याला वाटतं. यार्डात सगळे त्याला पाक तेह म्हणतात, म्हणजे तेह काका.

तो क्वाला तेरियांगच्या कोळ्यांतला. वयाच्या पंधराव्या वर्षी मासेमारीच्या ट्रॉलरवर जाळं ओढणारा विंच सांभाळायला लागला. शिडाच्या बोटी पुढे आल्या. बेटावर पहिली परदेशी शिडाची बोट दुरुस्तीला आली तेव्हा तिच्या मालकाला दोराची जोडणी आपणच शिकवली, असं तो सांगतो. यार्डात फायबरचं काम करणारा त्याचा वीस वर्षांपासूनचा सोबती सिवलिंगम म्हणतो, हे खोटं आहे, त्या माणसानं याला हाकलून दिलं होतं.

झुबिरचं एक मत होतं आणि ते सगळ्या यार्डाला ठाऊक होतं. दोर जिथे काम करतो तिथेच माणसानं उभं राहावं. शीड चढवायचा दोर डोलकाठीतून खाली येतो, तर त्याचा विंचही डोलकाठीवरच हवा. हल्ली लोकांना सगळे दोर मागे, हौद्यात, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेत, बसल्या जागी हवे असतात. त्यासाठी दोर काठीच्या पायथ्याशी एका कप्पीतून वळवायचा, छतावर दुसऱ्या कप्पीतून वळवायचा, मग दोर पकडून धरणाऱ्या खटक्यातून काढून विंचवर आणायचा. प्रत्येक वळण थोडी ताकद खातं. मोडायला चार वस्तू वाढतात. "दोराला फिरायला पाठवायचं आणि आपण बसून राहायचं," असं तो या पद्धतीबद्दल म्हणत असे.

एकवीस वर्षांपूर्वी त्यानं ‘सरोजा’ नावाच्या छत्तीस फुटी बोटीच्या डोलकाठीवर तीन विंच बसवले. बोट पेनांगच्या एका गणिताच्या शिक्षकाची, उई कीत सेंग यांची. झुबिर त्यांना चिकगू म्हणतो, गुरुजी. त्यांची बायको गेक सुआन पेनांगच्या एका इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स होती; इथे नर्सला मिसी म्हणतात, म्हणून ती मिसी. त्या वेळी मिसीनं त्याला सहज विचारलं होतं, हे दोर मागे नाही का आणता येणार? झुबिर म्हणाला होता, मागे आणले की जड होतात, मिसी, आणि चिकगूंना काय, चार पावलं टाकायची. विषय तिथेच संपला होता.

गेल्या जुलैत अदांग बेटाच्या अलीकडे त्यांना सुमात्रानं गाठलं. पहाटे पश्चिमेकडून काळी भिंत येते, अर्धा-पाऊण तास सगळं झोडपते आणि निघून जाते, त्या वादळाला इथले लोक सुमात्रा म्हणतात. शीड थोडं उतरवून लहान करायला कीत सेंग डोलकाठीकडे गेले. बोट कलंडली, त्यांचा पाय सुटला आणि ते छातीवर आदळले ते थेट मधल्या विंचवर. तीन बरगड्या मोडल्या. कमरेला पट्टा बांधलेला होता म्हणून समुद्रात गेले नाहीत. गेक सुआन सुकाणूवर होती. सुकाणू सोडलं तर बोट आडवी होणार, न सोडलं तर नवऱ्यापर्यंत पोचता येणार नाही. चाळीस मिनिटं ती नऊ पावलांवरून त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

बरगड्या जुळल्या. डिसेंबरात दोघं लंकावीला बोटीवर परतले आणि गेक सुआननं अट घातली. बोट विकायची. नाहीतर चालत्या बोटीवर, खऱ्या वाऱ्यात, कुणीही हौद्याबाहेर पाऊल न टाकता तिला एकटीला शीड लहान करता आलं पाहिजे. नुसतं तोंडानं सांगून ती थांबली नाही; तिनं अलोर सेतारच्या एका दंतवैद्याला फोन करून बोट बघायला बोलावलं. तो जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारच्या फेरीबोटीनं येणार होता. त्याच आठवड्यातल्या सोमवारी सकाळी कीत सेंग यार्डात आले आणि झुबिरसमोर उभे राहिले.

"पाक तेह, दोर मागे आणायचेत."

झुबिरनं अठ्ठावीस वर्षांचं मत ऐकवलं नाही. चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाला, "सगळे?"

"शीड चढवायचा आणि लहान करायचे. शनिवारपर्यंत."

"शनिवारी काय आहे?"

कीत सेंगनी सांगितलं. झुबिरनं ऐकून घेतलं आणि अवजारांची पेटी उचलली.

पहिल्याच दिवशी त्यानं डोलकाठीवरचे तिन्ही विंच उतरवले. एकवीस वर्षांत स्क्रू अॅल्युमिनियमला असे चिकटले होते की तापवून, तेल सोडून, पुन्हा तापवून काढावे लागले. मधल्या विंचचा शेवटचा स्क्रू निघेना. सिवलिंगम छताला भोकं पाडायला आला होता, तो बघत उभा राहिला.

"किती घट्ट बसवलास रे, पाक तेह. काढायचाच नव्हता की काय?"

"नव्हताच."

"मग आता?"

"आता काढतोय. बघत काय बसलास, ड्रिल आण."

सिवलिंगम ड्रिल घेऊन आला आणि त्यानं स्वतःच तो स्क्रू पोखरायला घेतला. मिसीनं एकवीस वर्षांपूर्वी काय विचारलं होतं, हे झुबिरनं त्याला मागेच एकदा सांगितलं होतं.

नवं काम आखायची झुबिरची स्वतःची एक रीत आहे. तो मालकाला हौद्यात उभं करतो, डोळे मिटायला सांगतो आणि म्हणतो, आता वारा वाढलाय, दोर धरा. माणूस न बघता हात पुढे करतो. हात जिथे जाईल तिथे झुबिर खडूनं खूण करतो. विंच तिथे बसवायचा. माप घ्यायची पट्टी त्यानंतर निघते. कीत सेंग उंच, हौद्यात उजवीकडे उभे राहणारे. त्यांचा हात छताच्या उजव्या कडेला गेला. खूण झाली.

मग दोन दिवस काम चाललं. केबिनचं छत दोन पातळ थरांचं, मध्ये हलकं लाकूड. नुसतं भोक पाडलं तर पाणी आत शिरून ते लाकूड कुजतं. म्हणून सिवलिंगमनं भोकं मोठी पाडली, आतलं लाकूड खरवडलं, पोकळीत रेझिन भरलं आणि ते दगडासारखं झाल्यावर त्यातून पुन्हा लहान भोकं पाडली. झुबिरनं पायथ्याला कप्प्या लावल्या, छतावर दोर वळवले, तीन खटके एका ओळीत बसवले आणि त्यांच्या मागे विंच. विंचखाली त्यानं पाचर दिली. दोर विंचच्या ढोलावर किंचित खालून यायला हवा, नाहीतर वेढ्यावर वेढा चढतो आणि ऐन वेळी दोर सुटत नाही. काम नीटनेटकं झालं. बुधवारी संध्याकाळी तो दोन पावलं मागे जाऊन बघत राहिला आणि घरी जाताना आपल्याशीच म्हणाला, तितकाही जड नाही.

गुरुवारी सकाळी वारा पडलेला असताना त्यांनी धक्क्यालाच शीड चढवून बघितलं. आधी कीत सेंगनी केलं. दोर सैल, दोर ताण, विंचला चार फेरे, झालं. शीड एक घडी खाली आलं. कीत सेंग हसले. झुबिरनंही मान हलवली.

"आता मिसी," तो म्हणाला.

गेक सुआन चार फूट अकरा इंच. विंचपर्यंत पोचायला तिला बाकावर गुडघे टेकावे लागले. हात खांद्याच्या उंचीला गेले, तिथून जोर लागेना. तिनं विंचचा दांडा अर्धा फिरवला आणि तो केबिनच्या दारावरच्या कापडी टपाच्या कमानीला अडला. कीत सेंग दांडा अर्धा पुढे, अर्धा मागे असा रेटत होते. त्यांच्या हातात ताकद होती, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं तसं करून बघितलं. तीनदा. मग दांडा काढून बाकावर ठेवला.

"थोडी सवय झाली की जमेल," कीत सेंग म्हणाले.

"सुमात्राला सांग, जरा थांब म्हणावं. सवय करतेय."

"तसं नाही, सुआन..."

"खूण कुणाच्या हाताची केली होती?" तिनं झुबिरला विचारलं.

झुबिरनं कीत सेंगकडे बघितलं.

"तुम्ही दोघांनी हे तुमच्यासाठी केलंय. अट माझी होती. मला कुणी उभंसुद्धा केलं नाही."

ती केबिनमध्ये उतरली. खाली तिनं केटल ठेवल्याचा आवाज आला. दोघं पुरुष हौद्यात बसून राहिले. कीत सेंग म्हणाले, "माझीच चूक. तिला विचारायला हवं होतं." झुबिर म्हणाला, "तुम्ही मालक, चिकगू. मी मिस्त्री. विचारायचं काम माझं." अठ्ठावीस वर्षांत त्यानं कितीतरी मालकांना डोळे मिटायला लावले होते. त्यांच्या बायका तेव्हा खाली चहा करत होत्या, नाहीतर बाजारात गेल्या होत्या, नाहीतर शेजारी उभ्या राहून बघत होत्या. एकीलाही त्यानं खूण करायला बोलावलं नव्हतं.

मिसी कॉफीचे तीन मग घेऊन वर आली. पायऱ्या चढून पूर्ण बाहेर आली नाही. दुसऱ्या पायरीवर थांबली, कोपरं छतावर टेकली आणि कॉफी तिथूनच पुढे केली. झुबिरनं एक मग घेतला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"मिसी, तुम्ही नेहमी इथेच उभ्या राहता?"

"वीस वर्षं. पाठीला कठडा, डोक्यावर टप. पाय कुठे जात नाहीत. का?"

"डोळे मिटा."

"तेव्हा नाही सांगितलंत डोळे मिटायला?"

"आता सांगतोय. वारा वाढलाय. दोर धरा."

तिनं डोळे मिटले. हात केबिनच्या दारापासून वीतभर डावीकडे छतावर पडला. कोपर वाकलेलं, खांदा खाली, जोर लावायला मोकळा. झुबिरनं वर बघितलं. टप मध्यावर उंच होता आणि कडांकडे उतरत जात होता. तिथे दांडा पूर्ण फिरला असता. त्यानं खिशातून खडू काढला.

सिवलिंगमला बोलावलं तेव्हा त्यानं आधी छताकडे बघितलं, मग झुबिरकडे.

"कालचीच भोकं? परवा भरली, काल पाडली, आज बुजवायची?"

"आणि शेजारी नवी पाडायची."

"हे छत आहे की चाळण?"

"सिवा, तू बोलतोस तोवर रेझिन वाळलं असतं."

"मिसी, याला सांगा, तेच काम दुसऱ्यांदा करायला लावलं की मी सोबतीचा माणूस बदलतो."

"माझ्याकडे चहा आहे, कॉफी आहे आणि झिंगा भरलेला चिकट भाताचा पुलुत आहे," गेक सुआन म्हणाली. "माणूस बदलायचा नाही."

सिवलिंगमनं दोन पुलुत खाल्ले आणि कामाला लागला.

खटक्यांच्या क्रमावरून पुन्हा थांबावं लागलं. झुबिरनं ते डोलकाठीतून दोर जसे बाहेर येतात त्या क्रमानं लावायला घेतले होते, म्हणजे दोर एकमेकांना छेदत नाहीत. गेक सुआन पायरीवर उभी राहून बघत होती.

"पहिल्यांदा कुठला सोडायचा?"

"शीड चढवायचा. तो सैल केला की शीड उतरतं."

"मग?"

"मग शिडाच्या पुढच्या कोपऱ्याचा ओढायचा. मग पहिला पुन्हा ताणायचा. मग मागच्या कोपऱ्याचा, तो विंचवर."

"मग पहिला लागतो तो सगळ्यात लांब का?"

"डोलकाठीवर तो त्या बाजूला आहे, मिसी."

"पाक तेह, चौतीस वर्षं मी सर्जनच्या हातात अवजारं दिली. ट्रेमध्ये वस्तू कपाटातल्या क्रमानं नसतात, हातात येण्याच्या क्रमानं असतात. सर्जन वर बघत नाही. मीही बघणार नाही. मला वाऱ्याकडे बघायचं असेल."

झुबिरनं दोन दोर ओढून काढले आणि पायथ्याच्या कप्प्यांतली त्यांची जागा बदलली. त्यासाठी एका कप्पीचं तोंड फिरवावं लागलं आणि शुक्रवारची अर्धी सकाळ गेली. मग त्यानं तिला विचारलं, घडीच्या जागी दोर किती सोडायचा हे कळायला खूण कसली करू, रंगाची? ती म्हणाली, दोऱ्याची, बोटाला लागेल अशी. त्यानं जाड सुताचे वेढे घालून दोरावर गाठोळी शिवली. हेही त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी नऊला ते बाहेर पडले. जानेवारीत बेटांच्या मधून पूर्वेचा वारा दाबून येतो. दयांग बुंतिंग बेटाच्या टोकाशी तो इतका भरला की बोट कुशीवर गेली आणि तिच्या बाजूनं पाणी पांढरं होऊन धावायला लागलं. कीत सेंग सुकाणूवर. झुबिर हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात. गेक सुआननं निघतानाच दोघांना बजावलं होतं: कुणी बोलायचं नाही, आणि पाक तेहनी हात खिशात ठेवायचे.

ती दुसऱ्या पायरीवर उभी राहिली. पहिला खटका उघडला, दोर हातातून सोडला, सुताची गाठोळी बोटाला लागली तशी थांबवला. शीड खाली आलं आणि फडफडायला लागलं. तिनं पुढच्या कोपऱ्याचा दोर ओढला. तो हातभर आला आणि अडला. तिनं पुन्हा ओढला. हलेना.

डोलकाठीला शिडाखालची आडवी काठी जुळते त्या सांध्यापाशी शिडातली कडी कशात तरी अटकली होती. हौद्यातून दिसत होतं. नऊ पावलांवर. हातानं ढकलली असती तर एका क्षणात सुटली असती. कीत सेंगनी सुकाणू एका हातात घेतलं आणि दुसऱ्या हातानं कमरेचा पट्टा चाचपला. झुबिरचा एक पाय बाकाबाहेर पडला होता, हात खिशातून निघाले होते. शीड इतकं आपटत होतं की सगळी डोलकाठी हादरत होती.

"बसा," गेक सुआन म्हणाली. मागे वळून नाही.

कुणी बसलं नाही. पण कुणी पुढेही गेलं नाही.

तिनं अडकलेला दोर ओढायचा सोडून दिला आणि उलट हातभर सैल केला. मग पहिला दोर विंचवर घेऊन शीड वीतभर वर चढवलं. दांडा पूर्ण फिरला, कशाला अडला नाही. कडी सुटून लोंबायला लागली. मग तिनं पहिला पुन्हा सोडला आणि दुसरा ओढला. या वेळी कडी खाली आली आणि जागेवर बसली. वरचा दोर ताणला, मागच्या कोपऱ्याचा विंचवर घेतला. फेरे मारताना तिचा चेहरा लाल झाला होता. शेवटच्या दोन फेऱ्यांना तिनं दांडा दोन्ही हातांनी धरला. शीड सपाट झालं, बोट सरळ झाली आणि आवाज थांबला.

झुबिर बसला. तसं उलटं सोडून पुन्हा घ्यायचं त्यानं तिला शिकवलं नव्हतं. ते त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. डोलकाठीपाशी उभा असलेला माणूस हातानं कडी ढकलतो आणि मोकळा होतो. तिथे आपण नसू तर काय करायचं, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

"किती वेळ लागला?" तिनं विचारलं.

कीत सेंगनी घड्याळ बघितलंच नव्हतं. "सहा मिनिटं असतील."

"जास्त आहे. पुन्हा."

तिनं घडी सोडवली, शीड पूर्ण चढवलं आणि पुन्हा लहान केलं. कडी पुन्हा तिथेच अटकायला बघत होती, पण या वेळी दोर ओढण्याआधी गेक सुआन क्षणभर थांबली आणि कडी न अटकता खाली आली. मग त्यांनी बोट वळवून वारा दुसऱ्या कुशीवर घेतला आणि तिसऱ्यांदा केलं. तेव्हा चार मिनिटं लागली. तळहात लाल झाले होते, तिनं ते पँटला पुसले. साडेदहा वाजले होते. दंतवैद्याची फेरीबोट पलीकडच्या किनाऱ्यावरच्या क्वाला केदाहहून साडेअकराला सुटणार होती.

तिनं टपाखालून फोन काढला. वारा लागू नये म्हणून पायरीवर खाली वाकून बोलली.

"डॉक्टर, मी गेक सुआन. फेरीबोटीत बसू नका. नाही, नाही, भाव ठीक होता. विकायची नाही आता. माफ करा, तुमचा शनिवार गेला." थोडं ऐकून घेऊन म्हणाली, "हो, विकणारच होते. पण तेव्हा ती माझ्या हातात नव्हती."

फोन ठेवून ती वर आली. कीत सेंग सुकाणूवर उभे होते. ते समोर डोलकाठीकडे बघत होते. तिथे आता काही नव्हतं, फक्त रेझिननं बुजवलेल्या भोकांचे गोल ठिपके, एका विंचला चार.

"मग आता मी काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"जे करतोयस ते. सुकाणू धर."

"एवढंच?"

"चाळीस मिनिटं मी तेवढंच धरलं होतं."

 कीत सेंगनी सुकाणू धरलं आणि बोट बंदराच्या दिशेला वळवली. वारा मागून आला, हौद्यात ऊन पडलं.

गेक सुआन झुबिरकडे वळली. "पाक तेह, सोमवारी या. पुढच्या कोपऱ्याच्या कडीजवळ ते काहीतरी टोक आहे, ते घासून काढा. दोराचं शेपूट माझ्या पायात येतं, त्याला एक पिशवी लावा. आणि विंचचा दांडा ठेवायला डावीकडे खिसा हवा. उजवीकडे नको."

झुबिरनं खडू काढला आणि दाराच्या डाव्या कडेला, तिनं बोट ठेवलं तिथे, खूण केली.

"इथे?"

"दोन बोटं खाली."

त्यानं आधीची खूण अंगठ्यानं पुसली आणि दोन बोटं खाली दुसरी केली.